पंख्याला दोन तारे

नाना सर स्मार्ट बोर्डाला अहो म्हणत. मुलांना अरे, शिपायांना मामा, मला ताई आणि भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पडद्याला अहो. "अहो, जरा पुढचं पान दाखवता का?" असं म्हणून ते बोट टेकवत आणि पान उलटलं की हळूच "आभारी आहे" म्हणत. नाही उलटलं तर चिडत नसत. घसा खाकरून पुन्हा विचारत. मी शाळेत नवी लागले तेव्हा मला वाटलं, हे मुलांना हसवायला चाललंय. पण वर्ग रिकामा असला तरी त्यांचं बोलणं तसंच. एकदा विचारलंच. ते म्हणाले, "ताई, जुन्या फळ्यावर मी उभी हयात लिहिलं. त्याने कधी हूं की चूं केलं नाही. हे उत्तर देतात. उत्तर देणाऱ्याशी नीट बोलावं माणसाने."

आमची शाळा सुरतेच्या नवागाममधली, मराठी माध्यमाची. मुलांचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, नाहीतर कपड्याच्या मार्केटात पार्सल बांधायला. बहुतेक घरं धुळे-नंदुरबारकडची, थोडी बुलढाणा, परभणीकडची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलांची मराठी ही चौथी भाषा होती. नाना सर स्वतः दोंडाईचाकडचे. लूमवर काम करणाऱ्या थोरल्या भावाकडे सुट्टीत राहायला म्हणून सुरतेला आले आणि इथेच मास्तर झाले. "माझी सुट्टी अजून संपलेली नाही," असं ते नेहमी सांगत. अंगात पांढरा शर्ट, खिशात चष्मा पुसायचं मऊ फडकं. चष्मा मात्र ते शर्टाच्या टोकाला पुसत. फडकं बोर्डाचं होतं.

बोर्ड बसवला त्या दिवसापासून त्याचं एक दुखणं होतं. बोट जिथे टेकवावं तिथे त्याला ते कळत नसे, वीतभर डावीकडे कळे. चित्रातल्या आंब्यावर बोट ठेवलं की शेजारची केळी उचलली जात. दुसऱ्या कुणी तक्रार केली असती. नाना सरांनी दोन दिवस बोर्डासमोर उभं राहून नीट अंदाज घेतला आणि वर्गाला सांगितलं, "बोर्ड त्यांच्या जागी बरोबर आहेत. आपणच वीतभर चुकतो." मग त्यांनी सगळ्या वर्गाला वीतभर उजवीकडे बोट टेकवायला शिकवलं. लहान हाताची वीत लहान, मोठ्या हाताची मोठी, म्हणून प्रत्येकाचा वेगळा सराव घेतला. थोड्याच दिवसांत पोरं इतकी तयार झाली, की त्यांना आंबा हवा असला तरी त्यांची नजर आंब्याकडे जातच नसे. आंब्याच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवून ती आंबा उचलत. पाहुणे आले की बघतच राहत. त्यांना वाटे, हीच नवी पद्धत.

मग एक दिवस कतारगामहून दुरुस्तीवाला आला. तरुण गुजराती मुलगा, पाठीवर बॅग, कानात इअरफोन. त्याने बोर्डाच्या चार कोपऱ्यांना बोट लावलं, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "लो साहेब, हवे बराबर." घ्या, आता बरोबर. त्या तासाला वर्गात हाहाकार उडाला. पोरांना काही म्हणता काही जमेना. बेरजेचं उत्तर टिपायला गेलेला हात वजाबाकीत शिरायचा. ज्याला वाघ उचलायचा होता त्याने शेजारचं झाड उचललं आणि तो रडायला लागला. नाना सर जिन्यातून खाली धावले. दुरुस्तीवाला गाडीला किक मारत होता.

"भाई, पाछुं हतुं एवुं करी आपो," नाना सर म्हणाले. होतं तसं परत करून द्या.

"पण साहेब, ते तर खराब होतं."

"होतं. पण मुलांचा हात बसला होता."

तो पोरगा आधी हसला, मग नाना सरांचा चेहरा बघून त्याने गाडी स्टँडला लावली. परत वर आला आणि त्याने तो बोर्ड पुन्हा वीतभर बिघडवून दिला. त्याच्या कामाच्या कागदावर सही करताना नाना सरांनी शेरा लिहिला, "समाधानकारक दुरुस्ती." वर्ग पूर्वपदावर आला.

खरी गंमत पुढे झाली, आणि ती पुढे पुढे गंमत राहिली नाही.

शाळेला टॅब मिळाले. त्यात वाचनाचं एक ॲप होतं. पडद्यावर वाक्य यायचं, मुलाने ते मोठ्याने वाचायचं. ॲप ऐकायचं आणि पाचपैकी तारे द्यायचं. तारे आपोआप वरच्या ऑफिसात दिसत, आणि तिथे प्रत्येक वर्गाचा आलेख निघे. नाना सरांनी टॅब दोन्ही हातांनी घेतला, टेबलावर फडकं अंथरून त्यावर ठेवला आणि "या, बसा" म्हणाले. पहिलं वाक्य आलं, "काळा कावळा बाभळीवर बसला." पहिल्या बाकावरच्या पोराने जीव लावून वाचलं, "काया कावया बाभयवर बसना." आमच्या मुलांच्या घरी ळ नसतो. तिथे ळचा य होतो. शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया. ॲपने थोडा विचार केला आणि आपण काय ऐकलं ते पडद्यावर दाखवलं, "कार्यालय कार्यालय बाबा भाई बसणार." खाली शून्य तारे. मग आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्या महिन्यात कृपया पुन्हा प्रयत्न करा हे वाक्य आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिवसभर बाहेर पडत होतं. समोरचा पानवाला ते गिऱ्हाइकांना ऐकवू लागला.

नाना सरांनी मात्र पुन्हा अंदाज घेतला. त्यांच्या लक्षात आलं, की ॲपला माणसासारखं बोललेलं कळत नाही. शब्द सुटा सुटा, आवाज एका पट्टीत, राग-लोभ काही नाही, असं बोललं की तारे पडतात. "ताई, यांना उधना स्टेशनच्या घोषणेसारखं बोललेलं आवडतं," त्यांनी मला सांगितलं. आणि त्यांनी वर्गाला ते शिकवलं. खांदे सरळ, मान ताठ, नजर समोर. "काळा. कावळा. बाभळीवर. बसला." ळ येत नसेल त्याने जीभ टाळूला लावून क्षणभर थांबायचं, बाकीचं ॲप समजून घेतं. बघता बघता तारे पडायला लागले. तीन, चार, पाच. बाजूच्या वर्गात मी शिकवत असे आणि भिंतीपलीकडून ऐकू येई, "आई. स्वयंपाक. करते. बाबा. कामावर. जातात." भुसावळ पॅसेंजर कधीही लागेल असं वाटे.

एका सकाळी शाळेच्या दारात आयांचा घोळका उभा राहिला. सगळ्यांत पुढे जी होती ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मास्तर, आमनी पोरं घरमा कशी बोलतस, तुमले मालूम शे का? मनी पोर काल माले म्हने, 'कृपया. मला. भाकर. द्या.' मनी सासू रडाले लागनी. तिले वाटनं, पोरले काही बाधा व्हयनी."

दुसरीने सांगितलं, तिच्या मुलाने रात्रपाळीहून आलेल्या बापाला दारात उभं करून, "आपले. स्वागत. आहे," असं म्हटलं. बाप दोन पावलं मागे सरला आणि घर चुकलं की काय म्हणून शेजारच्या दाराकडे बघू लागला.

नाना सरांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, "माय, ती मशीननी भाषा शे. ती शायामाच ऱ्हाई." ती शाळेतच राहील. बाया काही पटल्यासारख्या दिसेनात. तेव्हा त्यांनी टॅब त्या आधी बोललेल्या बाईच्या पुढे धरला आणि तुम्हीच बोलून बघा म्हणाले. बाई पडद्याकडे बघून सांगू लागली, ती कुठली, तिचं माहेर कुठलं, तिच्या बापाकडे बैल होते त्यांची नावं काय. ॲप म्हणालं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." ती थांबली. "एकदा सांगं ना तुले. परत काबरं सांगू?" ॲपने पुन्हा तेच म्हटलं. मग तिने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्याला दीड तारा मिळाला असावा, पण बाकीच्या बाया इतक्या हसत होत्या की कुणाला दिसलं नाही. घोळका हसत घरी गेला आणि स्टेशनची भाषा चालू राहिली.

ती बंद झाली रोशनीमुळे.

रोशनी वर्षाच्या मध्येच आली. वडिलांना लूमवर काम मिळालं म्हणून शिंदखेड्याकडच्या गावाहून कुटुंब उठून इकडे आलं होतं. गावच्या शाळेत ती चांगलं वाचायची. इथेही पहिल्या दिवशी तिने धडा घडाघडा वाचला, हातवारे करून, म्हातारीचा आवाज म्हातारीसारखा आणि कोल्ह्याचा कोल्ह्यासारखा. सगळा वर्ग तोंडात बोट घालून ऐकत होता. ॲपने शून्य दिलं. नाना सरांनी तिला खांदे सरळ, मान ताठ वगैरे शिकवून पाहिलं. तिला ते जमेना. म्हातारी आली की तिचा आवाज कापायचाच. रोज शून्य. टॅबवर तिच्या नावापुढे लाल ठिपका आला, म्हणजे हिला वाचता येत नाही. लाल ठिपक्याच्या मुलांना ॲप पहिलीचे धडे परत देतं. कमळ, बदक, मगर. रोशनी चौथीत होती.

आधी तिने म्हातारीचा आवाज काढणं सोडलं. मग मोठ्याने वाचणं. मग बोलणंच. नाव पुकारलं की हात वर करायची, बस. तिची आई शाळेत आली. तीच ती बैलांची नावं सांगणारी आई नव्हे, ही वेगळी. बारीक, हळू बोलणारी. "मास्तर, पोर घरमा बी बोलत नही," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. नाना सरांनी पुढे केलेल्या खुर्चीत ती बसली नाही.

त्याच दुपारी मधल्या सुट्टीत ते डबा खात बसले होते. टॅब टेबलावर चालूच राहिला होता. वर्गात कुणी नाही, वर पंखा खडखडत होता. टॅब टुणकन वाजला. नाना सरांनी वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. ॲपने पंख्याचं वाचन ऐकून घेतलं होतं आणि त्याला दोन तारे दिले होते.

मला हसू आवरेना. नाना सर हसले नाहीत. त्यांनी डबा बंद केला. वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पंख्याला दोन तारे, ताई. आणि रोशनीला शून्य." डबा पिशवीत ठेवता ठेवता पुन्हा म्हणाले, "मी या पोरांना पंख्यासारखं बोलायला शिकवत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅब टेबलावरून उचलला आणि पहिल्या बाकावर, मुलांच्या रांगेत उभा करून ठेवला. वर्गाला सांगितलं, "हे आपल्या वर्गात नवे विद्यार्थी आले आहेत. पुण्याकडचे असावेत. यांना आपलं बोलणं कळत नाही. हसायचं नाही, चिडवायचं नाही. आपण गावाहून सुरतेला आलो तेव्हा आपल्याला तरी कुठे गुजराती कळत होतं? यांना आपण शिकवायचं."

पोरांनी त्याचं नाव टॅबराव ठेवलं. हजेरीत टॅबराव पुकारलं की सगळा वर्ग त्याच्या वतीने हजर म्हणे. बॅटरी संपलेली असली की, "आजारी आहे, सर." कुणी त्याच्यापुढे शेंगदाणे ठेवी. रोज प्रत्येकाने घरचा एक शब्द आणायचा आणि टॅबरावांना शिकवायचा. टॅबराव म्हणायचे, "कृपया पुन्हा प्रयत्न करा," आणि पोरं त्यांची समजूत घालत, "काही हरकत नाही, तूच पुन्हा प्रयत्न कर." काही पोरांना वाटे की तो मुद्दाम करतो. काहींना वाटे की त्याच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नसेल. स्टेशनच्या भाषेला वर्गात बंदी झाली. ज्याने त्याने आपल्या तोंडाने वाचायचं. तारे गेले ते गेलेच.

रोशनीची पाळी आली तेव्हा नाना सर मुद्दाम खिडकीशी जाऊन उभे राहिले. पोरांनाही त्यांनी दुसरं काम दिलं होतं. मी दारातून बघत होते. रोशनी टॅबरावांच्या शेजारी बसली. त्यांच्यापुढचे शेंगदाणे बाजूला सारले. मग अगदी हळू म्हणाली, "शाया."

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"शाया."

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

असं बराच वेळ चाललं. तिचा आवाज चढला नाही, की ती रडली नाही. शेवटी तिने टॅबच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सकाय जमी तुले." राहू दे, उद्या जमेल तुला. नाना सरांनी खिशातलं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेला बोर्ड पुसायला घेतला.

टॅबरावांना काही कधी जमलं नाही. पण रोशनी रोज त्यांना शिकवत राहिली. शब्दांवरून ती वाक्यांवर गेली, वाक्यांवरून गोष्टींवर. महिन्याभरात तिची म्हातारी परत आली आणि कोल्हाही. वर्ग काम सोडून ऐके.

इकडे वरच्या ऑफिसातला आमचा आलेख मात्र आडवा पडला होता. निरीक्षकसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. गुजराती, घाईत असलेला, हातात कायम दोन फोन. एक फोन नाना सरांपुढे धरून म्हणाला, "नानाभाई, जुओ. तमारो क्लास आखा झोनमां छेल्लो छे." झोनमध्ये तुमचा वर्ग सगळ्यांत शेवटचा. मग हिंदीत समजावलं, की अशा वर्गांची यादी वर गेली आहे, आकडा असाच राहिला तर पुढच्या वर्षी हा वर्ग जवळच्या हिंदी शाळेत विलीन करतील. पुढच्या आठवड्यात याच ॲपवर परीक्षा आहे, तेवढी सुधारा.

नाना सरांनी पहिल्या बाकाकडे हात केला. "साहेब, ते नवीन आहेत. त्यांना वेळ लागेल."

साहेबांनी बाकावर ठेवलेल्या टॅबकडे पाहिलं, त्याच्यापुढच्या शेंगदाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. ते दोन्ही फोन खिशात घालून निघून गेले.

वर्ग हिंदी शाळेत गेला तर अर्धी पोरं शाळा सोडतील हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नाना सरांनी मुलांना जवळ बसवलं आणि म्हणाले, "उद्या आपलं नाटक आहे. एकच प्रयोग. सगळ्यांनी स्टेशन व्हायचं. घंटा झाली की नाटक संपलं. घरी नाटक न्यायचं नाही." रोशनीला म्हणाले, "तू नाटकात नाही. तू तुझं वाच." पोरांनी दुसऱ्या दिवशी असा प्रयोग केला, की खालून पानवाल्याने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना पाच पाच तारे. रोशनीने म्हातारीची गोष्ट वाचली आणि शून्य घेऊन जागेवर जाऊन बसली. तिला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही.

यातून जे झालं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वर्ग वाचलाच. पण वरच्या ऑफिसात बघतात तर काय, इतका खालून इतका वर गेलेला आलेख दुसऱ्या कुणाचाच नाही. पहिल्यापासून वर असलेल्या वर्गांना कुणी विचारलं नाही. नाना सरांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि हुकूम मिळाला, की वाचन ॲपचा इतका प्रभावी वापर केल्याबद्दल त्यांना वर्गातून मोकळं करून इतर शिक्षकांना प्रशिक्षण देण्याच्या कामावर नेमण्यात येत आहे. नाना सर हुकूम घेऊन निरीक्षकसाहेबांकडे गेले. म्हणाले, मी ॲप वापरलंच नाही, मी त्याला बाकावर बसवलं होतं. साहेब म्हणाले, "बस, यही तो सबको सिखाना है."

वर्ग माझ्याकडे आला. जाताना ते मुलांशी फार बोलले नाहीत. हजेरी घेतली, प्रत्येकाचं नाव नेहमीपेक्षा सावकाश उच्चारलं आणि पिशवी उचलली. बोर्डाला मात्र म्हणाले, "ताई नवीन आहेत. वीतभर सांभाळून घ्या." पायऱ्या उतरून गेले तेव्हा वर्ग इतका शांत होता की पंख्याला पुन्हा तारे मिळाले असते.

पुढचं वर्षभर त्यांची प्रशिक्षणं चालली. कधी कतारगाम, कधी इच्छापोर. माझीही पाळी आली. कतारगामच्या एका हॉलमध्ये आम्ही सगळ्या माध्यमांचे शिक्षक बसलो होतो. गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, आणि आम्ही मराठीवाले. सगळ्यांच्या हातात टॅब, पुढच्या रांगेत निरीक्षकसाहेब. नाना सर पुढे आले आणि म्हणाले, "ॲप कसं वापरायचं ते ॲपमध्येच लिहिलेलं आहे. टॅब बंद करून पायाशी ठेवा. आजच्या प्रशिक्षक या आहेत." बाजूच्या खुर्चीवर रोशनी बसली होती, आणि मागे भिंतीला टेकून तिची आई.

रोशनी बोलू लागली. अहिराणीत, मध्ये मध्ये हिंदी-गुजरातीची ठिगळं लावून. गावाहून सुरतेला येताना त्यांची कोंबडी गाडीत कशी हरवली आणि पेटीत कशी सापडली याची गोष्ट होती ती. कोंबडीचा आवाज, तिकीट तपासणाऱ्याचा आवाज, आजीचा आवाज. कुणी थांबवायचं नाही, कुणी दुरुस्त करायचं नाही एवढाच नियम होता. तेलुगूच्या बाईंना एक अक्षर कळत नव्हतं. पण त्या पुढे वाकून अशा ऐकत होत्या, की कोंबडी आता सापडली नाही तर त्याच उठून शोधायला जातील.

गोष्ट संपली. नाना सर म्हणाले, "आता मार्क द्या." रोशनीने आईजवळची पुडी घेतली. तिची आई घरी साड्यांना चमकत्या टिकल्या चिकटवायचं काम करायची, त्यातल्याच टिकल्या होत्या. रोशनी रांगेतून फिरू लागली आणि कोण कसं ऐकत होतं त्याप्रमाणे एकेकाच्या तळहातावर टिकल्या ठेवू लागली. तेलुगूच्या बाईंना पाच. उडियाच्या सरांना चार. निरीक्षकसाहेबांपुढे ती थोडी थांबली आणि त्यांनाही पाच दिल्या. साहेबांनी दोन्ही फोन मांडीवर ठेवून हात पुढे केला होता. पुढे कितीतरी वेळ त्यांनी ती मूठ उघडली नाही. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने उचलला.

मला दोन मिळाल्या.

"दोनच?" मी हळूच विचारलं.

"बेन, तुम्ही गोष्ट नव्हत्या ऐकत," रोशनी म्हणाली. "मी नीट बोलते का ते बघत होत्या."

खरंच होतं. मी सगळा वेळ मनातल्या मनात तिला सांभाळून घेत होते. नाना सर लांब उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, रागावून नाही, एखाद्याचं गणित थोडक्यात चुकलं की डोलावतात तशी.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन दोंडाईचाला गेले. रोशनी आता मोठ्या शाळेत आहे, हिंदी माध्यमाच्या. तिथे तिला वक्तृत्वाला घेतात आणि वेळ संपल्याची घंटा वाजली तरी ती थांबत नाही, अशी तक्रार ऐकू येते. टॅबराव जुने झाले म्हणून परत गेले. त्यांच्या जागी नवे आले आहेत. ते ळबद्दल थोडे सैल आहेत.

मध्यंतरी मला अडाजणकडच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेतून बोलावणं आलं. आमचा वर्ग हिंदी शाळेत विलीन करायची बोलणी तेव्हा पुन्हा उठली होती. घरचे म्हणत होते, जा. मला काही सुचेना, म्हणून एक दिवस शाळा भरायच्या आधी शाळेतूनच मी नाना सरांना फोन लावला. हालहवाल झाली. मी म्हटलं, सर, एक विचारायचं होतं.

"मग?" ते म्हणाले.

मी सांगायला लागले. नव्या शाळेबद्दल, मग आमच्या वर्गाबद्दल, मग त्यात मुद्दाम उशिरा येणाऱ्या एका पोराबद्दल, जो गेले काही दिवस वेळेवर येतोय आणि का येतोय ते मला शोधून काढायचंय. मग घरचं. मग मी सुरतेला पहिल्यांदा आले तेव्हाचं, जे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मध्ये मध्ये तिकडून "मग?" एवढंच यायचं. मागे कुठेतरी काकू भांडी लावत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मी बोलतच होते.

फोन ठेवला तेव्हा शाळेची घंटा झाली होती. विचारायचं होतं ते राहूनच गेलं होतं, आणि आता विचारायची गरजही वाटत नव्हती. मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.